स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी: नागपूरच्या घरच्यांसाठी पायरीपायरीने

बाबांना पॅन्क्रियाचा कॅन्सर, तोही यकृतात पसरलेला, असं निदान झालं आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगू लागला, "इम्युनोथेरपी करा. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत." ती कोणाला चालते आणि कोणाला नाही, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. रामदासपेठ, धंतोली, मेडिकल चौक करता करता जे हळूहळू कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती, कधी थांबवायचं हे तुमचे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. पण कोणता कागद कधी मागायचा आणि कोणत्या त्रासाला सकाळची वाट न पाहता फोन करायचा, हे घरच्यांनाच माहीत असावं लागतं.

१. आधी एक गोष्ट पचवा: हे औषध बहुतेकांसाठी नाही

आपल्या प्रतिकारपेशींना आवरणारा एक ब्रेक असतो. कॅन्सरच्या गाठी तोच ब्रेक दाबून धरतात. पेंब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं तो सोडवतात. या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. फुफ्फुस, मूत्रपिंड, त्वचेचा मेलानोमा यांत या औषधांनी खरोखर चित्र पालटलं. स्वादुपिंडात तसं झालेलं नाही. या गाठीभोवती तंतुमय ऊतींचा जाड वेढा असतो, प्रतिकारपेशी आत फारशा पोचतच नाहीत, आणि ज्यांवरून त्या गाठीला परकी म्हणून ओळखतील असे बदलही तिच्यात कमी असतात.

अपवाद आहे तो 'एमएसआय-हाय' किंवा 'डीएमएमआर' गाठींचा. यांत पेशीची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांत असा साधारण एक सापडतो. अशा गाठींसाठी, मग त्या कुठल्याही अवयवातल्या असोत, अमेरिकेच्या एफडीएने मे २०१७ मध्ये पेंब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. गाठीत एकूण जनुकीय बदल फार जास्त असतील, म्हणजे 'टीएमबी-हाय', तरी विचार होतो. तिथेही खात्री नाहीच. कीनोट-१५८ या अभ्यासात स्वादुपिंडाचे एमएसआय-हाय रुग्ण २२ होते, त्यांतल्या चौघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या.

म्हणून रिपोर्ट येईपर्यंत केमो अडवून ठेवू नका. फॉल्फिरीनॉक्स किंवा जेमसिटाबीन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल हेच आजही बहुतेकांचे पहिले उपचार आहेत. "इम्युनोवाली सलाईनच घेऊ" म्हणून महिनाभर थांबणं या आजारात परवडत नाही.

२. बायोप्सीचा ब्लॉक ताब्यात घ्या

तपासणी तुकड्यावरच होते. तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. बायोप्सी जिथे झाली त्या लॅबकडे तो असतो आणि मागितला की मिळतो. सोबत न्या:

- ऑन्कॉलॉजिस्टची चिठ्ठी, त्यात तपासणीचं नाव स्पष्ट लिहिलेलं
- हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत (ब्लॉकचा नंबर त्यावरच असतो)
- रुग्णाचं आधार आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र

चिठ्ठीवर दोन गोष्टी आहेत का पाहा. पहिली, एमएमआर आयएचसी: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनं गाठीत आहेत का, हे यात कळतं. ही तुलनेने स्वस्त आणि लवकर होणारी तपासणी. दुसरी, एनजीएस पॅनल, म्हणजे गाठीतली अनेक जनुकं एकाच वेळी तपासणं: महाग, ब्लॉक बहुधा मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूला जातो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. हातात पैसा कमी असेल तर आधी आयएचसीने भागतं का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. लाजू नका.

यातला सापळा असा की एंडोस्कोपीतून सुईने घेतलेला तुकडा फार लहान असतो. निदानातच संपतो आणि पुढच्या तपासणीला लॅब "अपुरा नमुना" म्हणून परत पाठवते. बायोप्सी अजून व्हायची असेल तर आधीच सांगून ठेवा की पुढे जनुकीय तपासण्या करायच्या आहेत. झालेली असेल आणि तुकडा संपला असेल तर रक्तातून होणाऱ्या लिक्विड बायोप्सीबद्दल विचारा.

रक्तातली आनुवंशिक तपासणी वेगळी, तीही करा. बीआरसीए या जनुकात दोष निघाला तर ओलापॅरिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्यांचा रस्ता उघडतो. रिपोर्ट एमएसआय-हाय आला तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, शंका येते, आणि मग भावंडं-मुलांनीही तपासून घ्यायचं असतं. आमच्याकडे यावरून घरात बरीच कुजबुज झाली, "पोरीच्या लग्नाचं कसं होईल" इथपर्यंत. पण लिंच असेल तर आतड्याचा कॅन्सर वेळेवर पकडता येतो, ही कुजबुजीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

३. दुसरं मत घ्या, भूलथापा ओळखा

नागपुरात जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मिहानमधलं एम्स, मेडिकल आणि अनेक खाजगी ऑन्कॉलॉजिस्ट आहेत. मुंबईला टाटामध्ये दाखवायचं असेल तर रुग्णाला रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवण्याआधी 'नव्या'ची ऑनलाइन सेवा पाहा. रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं मत मागवता येतं. जावंच लागलं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, एसटीतही आहे. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून आधीच भरून घ्या.

आता व्हॉट्सअॅपवरचं. जून २०२२ पासून फिरणारा "कॅन्सरचं औषध सापडलं, शंभर टक्के रुग्ण बरे" हा मेसेज डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्याच औषधाचा आहे. तो अभ्यास गुदाशयाच्या कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांचा होता, आणि तेही डीएमएमआर. २०२३ मध्ये गाजलेली स्वादुपिंडाची एमआरएनए लस शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांवरची पहिली चाचणी होती, पसरलेल्या आजारावरची नाही. भारतात २०२३ साली मान्यता मिळालेली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देणं) रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. आणि कोणी "तुमच्याच रक्तातल्या पेशींपासून लस बनवून देतो, पॅकेज इतक्या लाखांचं" म्हणालं, तर स्वादुपिंडावरचा प्रसिद्ध अभ्यास कागदावर मागा. आम्हाला असा एक जण भेटला होता. कागद मागितल्यावर फोन उचलेनासा झाला.

खरी चाचणी असेल तर ती सीटीआरआयच्या सरकारी नोंदवहीत दिसते, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

४. पैशाची जुळवाजुळव डोसच्या आधी

पेंब्रोलिझुमॅब साधारणपणे दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम किंवा दर सहा आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम दिलं जातं. एका वेळचा खर्च लाखांत जातो आणि ते महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं. पहिल्या दोन डोसांची सोय झाली म्हणून सुरू करू नका. डॉक्टरांसमोर बसून सहा महिन्यांचा हिशेब मांडा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. केमोची पॅकेजेस त्यात आहेत, पण तुम्हाला लिहून दिलेलं नेमकं औषध बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचं नाव दाखवून विचारा. "योजनेत कॅन्सर बसतो" एवढ्या उत्तरावर उठून येऊ नका.

मेडिक्लेम असेल तर विमा नियामकाच्या नियमानुसार इंजेक्शनने दिलेली इम्युनोथेरपी कंपनीला सरसकट नाकारता येत नाही. पण तिला मर्यादा घालता येते. पॉलिसीत 'आधुनिक उपचार' या शीर्षकाखाली सब-लिमिट शोधा. दहा लाखांची पॉलिसी आणि या उपचाराला निम्मेच, असं निघू शकतं.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान निधीसाठी एकच फाईल तयार ठेवा: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, बायोप्सी रिपोर्ट, बँक तपशील. पंतप्रधान निधीला खासदारांचं पत्र जोडलं तर बरं. उत्पन्नाच्या दाखल्यात वेळ जातो, तो पहिल्याच दिवशी टाका. औषध कंपन्यांच्याही रुग्ण-सहाय्य योजना असतात, ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे मिळतात. नोंदणी पहिल्या डोसआधी करावी लागते का, हे विचारून घ्या.

५. पहिल्या डोसआधीच्या तपासण्या

या तपासण्या म्हणजे पुढच्या प्रत्येक भानगडीचा पुरावा. थायरॉइड आधीच बिघडलेलं होतं की औषधाने बिघडलं, हे नंतर कसं कळणार? सीबीसी, लिव्हर, किडनी, साखर आणि एचबीएवनसी, टीएसएच, सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, ईसीजी, हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही, छातीचा सीटी. डॉक्टर यात कमी-जास्त करतील. जुना टीबी, संधिवात, सोरायसिस, अवयव प्रत्यारोपण, यांतलं काहीही असेल तर विचारलं नाही तरी सांगा.

६. औषध घेताना

इथे थोडं सविस्तर सांगते. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या कॅन्सर औषधांच्या वापरलेल्या कुप्या गोळा करून त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरून ती विकत होती. रुग्णालयातले काही फार्मासिस्टही त्यात पकडले गेले. म्हणून:

- औषध रुग्णालयाच्या फार्मसीतून किंवा कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच. गांधीबागेतल्या ओळखीच्या ठोक दुकानदाराने सवलत सांगितली तरी बॅच नंबर घातलेलं पक्कं बिल मागा. बिलाविना स्वस्त मिळत असेल तर उठा.
- खोका सीलबंद आहे का, बॅच नंबर आणि मुदत बिलाशी जुळते का, हे सिस्टरसमोर तपासा आणि फोटो काढून ठेवा.
- कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा. डोस झाल्यावर लेबलवर पेनाने आडव्या रेघा मारून, खोका फाडूनच टाकायला द्या. सिस्टर हसल्या तर हसू द्या.

औषध २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा गांधीबागेतून जामठ्यापर्यंत स्कूटीच्या डिकीत औषध नेणं म्हणजे पैसे उन्हात ओतणं. थर्मासचा डबा, जेल पॅक, आणि खोका व पॅक यांच्यामध्ये जाड कापड. कुपी बर्फाला टेकवायची नाही.

७. डोसचा दिवस

सलाईन अर्ध्या तासाचं. रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी होकार देण्यात आणि औषध तयार होण्यातच अर्धा दिवस जातो. डबा न्या. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडून येणार असाल तर रक्त आदल्या दिवशी गावाकडेच तपासून रिपोर्ट मोबाइलवर पाठवा, फेरा वाचतो.

८. साइड इफेक्ट: इथेच सगळं अडतं

ब्रेक सुटला की प्रतिकारपेशी गाठीबरोबर आपल्याच अवयवांवरही जातात. त्रास पहिल्या डोसनंतर येऊ शकतो, सहा महिन्यांनी येऊ शकतो, औषध बंद करून काही महिने लोटल्यावरही. खाज-पुरळ आणि थायरॉइड हे नेहमीचे, बहुतेक वेळा आटोक्यात राहणारे. बाबांना पाठीवर पुरळ आलं, मग थायरॉइड मंदावलं. एक मलम आणि रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी यावर उपचार चालू राहिला.

खरी अडचण वेगळीच आहे. स्वादुपिंडाच्या रुग्णात या औषधाच्या जवळजवळ प्रत्येक दुष्परिणामासारखा दिसणारा एक त्रास मूळ आजारातूनही होतो. घरी बसून फरक कळत नाही, आणि उपचार मात्र अगदी उलटे असतात.

जुलाब. स्वादुपिंडाचा रस कमी पडला की मळ फिकट, तेलकट, दुर्गंधीचा, पाण्यावर तरंगणारा होतो. त्यावर पॅन्क्रियाटिनच्या, म्हणजे पाचक रसाच्या, कॅप्सूल, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. केमोतल्या इरिनोटिकॅननेही जुलाब होतात. पण पातळ, पाण्यासारखे, शेम किंवा रक्त असलेले, पोटात मुरडा येऊन होणारे जुलाब म्हणजे आतड्याची सूज असू शकते, आणि तिला स्टेरॉइड लागतं. रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जावं लागलं की त्याच दिवशी फोन. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका, खरी तीव्रता झाकली जाते.

कावीळ. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, असेल तर तो तुंबूनही डोळे पिवळे होतात. थंडी वाजून ताप आला तर ती तातडीची बाब, रात्र काढायची नाही. दुसरीकडे औषधाने यकृताला सूज येऊ शकते. लिव्हरचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी यांशिवाय कोणी सांगू शकत नाही.

साखर. स्वादुपिंडाच्या आजाराने मधुमेह होतोच, म्हणून साखर वाढली की घरचे भात बंद करून मोकळे होतात. पण हे औषध इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारू शकतं, आणि मग काही दिवसांत साखर चार-पाचशेवर जाते. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, जोरजोरात श्वास: थेट कॅज्युअल्टी.

धाप आणि खोकला. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, ऑक्सिमीटरवर नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी कमी. ही औषधाने आलेली फुफ्फुसाची सूज असू शकते. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्याही फार होतात, त्या फुफ्फुसात गेल्या तरी असंच दिसतं. एका पायाला सूज असेल तर ते आवर्जून सांगा.

थकवा. "कॅन्सर आहे, थकणारच" हे वाक्य घरात बंदी घालण्याजोगं आहे. थायरॉइड, अॅड्रिनल किंवा मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बिघडली की असाच थकवा येतो, बीपी पडतं, चक्कर येते, डोकं दुखतं. आणि हे गोळीने सुधारतं.

छातीत दुखणं, धडधड, पापण्या खाली ओघळणं, दोन-दोन वस्तू दिसणं, मान उचलता न येणं हे विरळ आहे, पण जिवावरचं. इथे फोनही नंतर, आधी गाडी काढा.

रोज एका वहीत वजन, शौचाला किती वेळा, साखर, ऑक्सिजन, ताप एवढं लिहा. ओपीडीत डॉक्टरांकडे मिनिटं थोडी असतात. "बरं वाटत नाही बाप्पा" यापेक्षा "मंगळवारपासून सहा वेळा" याला लगेच उत्तर मिळतं.

आणि फाईलच्या पहिल्या पानावर हे डॉक्टरांच्या सहीने लावून ठेवा, एक प्रत रुग्णाच्या खिशात:

"स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पेंब्रोलिझुमॅब चालू, शेवटचा डोस तारीख ____. केमो चालू: आहे / नाही. पित्तनलिकेत स्टेंट, बसवल्याची तारीख ____. कोणताही नवा त्रास इम्युनोथेरपीचा असू शकतो, कृपया आमच्याशी बोलावं. फोन ____."

रात्री दोनला कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला "कॅन्सरचं सलाईन" एवढंच कळतं. एका ठिकाणी बाबांच्या जुलाबांना सरळ हगवण समजून अँटिबायोटिक लावायला घेतलं होतं. हा कागद दाखवल्यावर त्यांनी ऑन्कॉलॉजिस्टला फोन लावला.

९. स्टेरॉइड लिहून दिलं तर घाबरू नका

मध्यम त्रासाला डोस थांबवून किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, गंभीर त्रासाला एक ते दोन, अशी साधारण पद्धत आहे. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. ती चार ते सहा आठवड्यांत हळूहळूच उतरवायची असते, नाहीतर त्रास दुप्पट जोराने परततो. सकाळी, खाल्ल्यावर घ्या. साखर हमखास चढते, तेव्हा ग्लुकोमीटर घरीच ठेवा आणि इन्सुलिन वाढवण्याबद्दल आधीच विचारून घ्या. स्टेरॉइड लांबलं तर फुफ्फुसाच्या संसर्गापासून बचावाची गोळीही देतात, ती आहे का विचारा.

१०. घरात

गुळवेल बंद. "कडू औषध कुठं बाधते का?" असं आमच्या काकूही म्हणाल्या. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, आणि ती याच धाटणीची होती: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी. इम्युनिटी वाढवणारे काढे, चूर्णं, सगळ्यांना तोच नियम. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून.

जिवंत विषाणूंच्या लसी टाळा, फ्लूची चालते, तरी विचारून. सर्दीला परस्पर अँटिबायोटिक नको. खाणं थोडं-थोडं, दिवसातून सहा वेळा: मऊ खिचडी, अंडं, ताक, मुगाचं धिरडं. सावजी आणि तर्री काही काळ बाजूला. वजन घसरत असेल तर पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूलची मात्रा कमी पडते आहे का, हे आधी बघा.

दुखणं सहन करायला लावू नका. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत चुकीची. वेदनाशामक विभागाची चिठ्ठी पहिल्या महिन्यातच घ्या. पोटामागच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन (नर्व्ह ब्लॉक) देऊनही पाठीतली ती खोल कळ कमी होते.

११. उपयोग होतोय का, आणि कधी थांबायचं

दोन-तीन महिन्यांनी सीटी होतो. सीए १९-९ हा रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा घरच्यांची झोप उडवतो, पण पित्त तुंबलं तरी तो वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो मुळातच बनत नाही. सुरुवातीला गाठ क्वचित थोडी मोठी दिसून नंतर आकसते, मात्र स्वादुपिंडात बहुतेक वेळा मोठी दिसलेली गाठ खरंच वाढलेली असते. "आणखी दोन डोस पाहू" असं सुचवलं तर कशाच्या आधारावर, हे विचारा. वजन, भूक, दुखणं सुधारतंय का, हे सीटीइतकंच महत्त्वाचं.

औषध थांबवायचं ठरलं, फायदा नाही म्हणून किंवा त्रासामुळे, तरी वही आणि खिशातला कागद चालू ठेवा, "शेवटचा डोस" या ओळीतली तारीख तेवढी पक्की करा. टीएसएच आणि लिव्हरच्या तपासण्या पुढे किती महिने करायच्या, ते शेवटच्या भेटीत लिहून घ्या. थायरॉइडची गोळी आणि अॅड्रिनलसाठी दिलेली हायड्रोकॉर्टिसोन बहुधा कायमची असते. ती औषधाबरोबर बंद करायची नाही, आणि ताप-उलट्या झाल्या तर तिची मात्रा किती वाढवायची हे त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.